खबर आधी कुणाला द्यायची? नणंदेला ग्रुपवर कळलं त्यावरून

ताई, तुमचा प्रश्न आधी चार ओळींत मांडतो म्हणजे वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. दीड महिन्यापूर्वी पहाटे तुमचे सासरे गेले, घरात धावपळ, आणि तुमच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने शारजाला आत्याला व्हॉट्सअपवरून तीनदा कॉल लावला, लागला नाही, मग त्याने फॅमिली ग्रुपवर 'आजोबा गेले' असं टाकून दिलं. तुमची एकुलती नणंद, तिला बाप गेल्याचं कळलं ते सकाळी मुलांचे डबे भरताना, आणि तेही आधी कुणा लांबच्या चुलतभावाचं 'भावपूर्ण श्रद्धांजली' वाचून, मग वर स्क्रोल करून. तेव्हापासून ती तुमच्याशी धड बोलत नाही. आता थोरल्या जावेच्या मुलीचा साखरपुडा ठरतोय, धाकट्या जावेला सातवा महिना लागलाय, आणि सासूबाई म्हणतायत ग्रुपार कायच घालूं नाकात. तर कुठली बातमी कुणाला, कधी, कशी सांगायची, असं तुम्ही विचारलंय.

मी समुपदेशक वगैरे नाही हे आधीच सांगतो. १९८६ साली पणजीत एका मराठी पेपरच्या छोट्या जाहिरातींच्या काउंटरवर लागलो, सत्तावीस वर्षं तिथेच बसलो, आता फोंड्याला लहानसं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पुण्यस्मरण, बाराव्याचा मजकूर, आभार, आणि हल्ली व्हॉट्सअपला टाकायची ती चौकोनी इमेज, हेच दिवसभर. लोकांच्या घरातली बातमी उंबरठा ओलांडते तेव्हा मी तिथे असतो, एवढाच माझा अधिकार.

मी लागलो त्याच वर्षी जुलैच्या पाच तारखेला मांडवीचा पूल पडला. मग बार्देशातली, पेडण्यातली माणसं बेतीहून फेरीबोटीने यायची, पावसात भिजलेली, आणि शर्टाच्या खिशातून वहीचं दुमडलेलं पान काढायची. त्यावर वडिलांचं नाव, गाव, आणि खाली शोकाकुलांची नावं. शाई पसरलेली असायची, मी एकेक नाव वाचून विचारायचो, हे सदाशिव का सदानंद? आणि ते माणूस तेव्हाच आठवत बसायचं की अरे, अमुक काकाचं नाव राहिलं. इतकी वर्षं ती पानं वाचली, पण दुसऱ्या दिवशी जी तक्रार यायची ती 'मजकूर बरा लिहिला नाही' अशी कधीच नसायची. दोनच तक्रारी. एक, आमचं नाव राहिलं. दुसरी, आमकां पेपरांत वाचून कळ्ळें.

तुमच्या नणंदेची तक्रार ही दुसरी. ती किती खोल जाते हे मला माहितीय, कारण माझ्यावरच आलंय. एकदा संध्याकाळी आठच्या सुमारास दुसऱ्या दिवशीच्या पानाचं प्रूफ माझ्या टेबलावर आलं. मी सवयीप्रमाणे पहिल्या ओळीत 'दुःखद'चा विसर्ग बघितला, तो नेहमी सुटलेला असायचा, त्या दिवशी होता. दुसऱ्या ओळीत सत्तरी तालुक्यातलं गाव आलं. तिसऱ्या ओळीत माझ्या मामाचं नाव. सख्खा मामा. दुपारीच अग्नी दिलेला, घरच्यांनी कुणाच्या तरी हाती मजकूर पाठवलेला, तो दुसऱ्याच मुलाने काउंटरवर घेतला होता. मी लाल पेन तसंच हातात धरून बसलो. नंतर मामेभावाला विचारलं तर म्हणाला, तू पेपरातच असतोस, तुला कळणारच असं वाटलं आम्हाला. त्याचं चुकलं असंही म्हणता येत नाही. पण त्याच्याशी मी चार वर्षं तुटक वागलो, आणि आईला ती खबर मी रात्री शेवटच्या बसने घरी जाऊन सांगितली ती कशी सांगितली ते माझं मलाच माहीत.

म्हणून मी लोकांना सांगतो की शब्दांची फार काळजी करू नका, क्रमाची करा. बातमी कशी होती हे माणूस विसरतं, कुणाकडून आणि कितव्या नंबरावर कळली हे नाही विसरत. जवळच्याला आवाजाने कळायला हवं, लांबच्याला अक्षराने कळलं तरी चालतं. पूर्वी हे आपोआप पाळलं जायचं कारण अक्षर हळू होतं. कुणी गेलं की वाड्यावरचा माणूस सायकलने नाहीतर फेरी धरून पाठवायचे, दिवाडीला, चोडणला, तो उंबऱ्याबाहेर उभा राहून सांगायचा आणि घरात पाणीसुद्धा न घेता परतायचा. लांबच्यांना पोस्टकार्ड, त्याचा कोपरा फाडलेला, म्हणजे हातात घेतल्याघेतल्याच वाचणाऱ्याचं मन तयार व्हायचं, आणि ते कार्ड वाचून झालं की घरात ठेवत नसत. लग्नाच्या पत्राला कोपऱ्यांवर कुंकू. म्हणजे वाचायच्या आधीच कळायचं की ही कुठल्या जातीची बातमी आहे. व्हॉट्सअपला कोपराच नाही. गुड मॉर्निंगचं फूल, कुणाच्या तरी बांगड्याच्या आमटीचा फोटो आणि त्याच्याखाली 'आजोबा गेले', सगळ्यांची टिंगटिंग एकसारखी.

आता तुमच्या मुलाबद्दल. त्याला फार बोलू नका. त्याने आधी कॉलच लावला होता ना, तीनदा. त्याला हे माहीत नव्हतं की यूएईत व्हॉट्सअपचे कॉल चालत नाहीत, मेसेज तेवढे जातात. तिथली आपली माणसं म्हणूनच बोटिम नावाच्या ॲपवरून बोलतात. म्हणजे आवाज अडला आणि अक्षर पुढे गेलं, त्या पोराने काही मुद्दाम केलं नाही. हे नणंदेलाही सांगा, पण सफाई म्हणून पहिल्या वाक्यात नको, ते पुढे येईल.

आणि तिथे साधा फोन लावायचा तर आपल्या सिमवर आयएसडी चालू पाहिजे, बऱ्याच प्रीपेडवर वेगळं रिचार्ज मारल्याशिवाय लागत नाही. हे पहाटे चार वाजता बाप गेलेला असताना शोधायची गोष्ट नाही, आज करून ठेवा. घरातल्या एका फोनवर आयएसडी, शून्य शून्य नऊ सात एकने सुरू होणारा तिचा नंबर, तिच्या नवऱ्याचा नंबर, आणि शारजातच राहणाऱ्या कुणा एका ओळखीच्याचा नंबर, जो गरज पडली तर तिच्या दारात जाऊन उभा राहील. तिथे आपल्यापेक्षा दीड तास मागे असतं. लंडन-लिस्बनला हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. गोव्यातल्या घरांना हे हिशेब पाठ असायला हवेत, दर दुसऱ्या घरातलं कुणीतरी आखातात, बोटीवर नाहीतर पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात आहे.

फोन लागला की काय बोलायचं? आधी कुठे आहेस, गाडी चालवतेस का, सोबत कोण आहे. एकटी असेल तर बसायला सांगा. मग सरळ सांगा, बाबा गेले, आज पहाटे. 'गेले' नाहीतर 'वारले', हे दोनच शब्द पुरेत. 'सिरियस आहेत, ये' असं नको. आमच्या वेळी तार यायची 'फादर सिरियस स्टार्ट इमिजिएटली' आणि ती वाचून सगळे समजायचे की माणूस गेलेलं आहे, फक्त ज्याला आली तो एकटा रात्रभर बसमध्ये आशा धरून यायचा. मुंबईहून आलेल्या एका माणसाने काउंटरवर मला सांगितलं होतं की त्याने वाटेत बापासाठी संत्री घेतली होती. तारखातं २०१३च्या जुलैत बंद झालं पण ही खोटं बोलायची रीत अजून चालूच आहे, फोनवरून. अपवाद एकच, जो स्वतः गाडी चालवत घाट उतरतोय त्याला. त्याला गाडी बाजूला घ्यायला लावा, नाहीतर शेजारी बसलेल्याला सांगा.

आणि त्याच फोनवर विचारायचा दुसरा प्रश्न, तू येतेस का, आम्ही थांबू का? आपल्यात त्याच दिवशी अग्नी द्यायची घाई असते, म्हातारी माणसं म्हणतात ठेवायचं नाही, ते त्यांच्या परीने बरोबरच असतं. पण मुलगी येईपर्यंत थांबायचं की नाही हे मुलीला न विचारता ठरलं तर ते घर तिच्या मनातून जातं. थांबू शकत नसाल तर तसं तिला सांगा, तिला 'नका थांबू' म्हणायची संधी द्या. बहुतेक जणी तेच म्हणतात. पण ते त्यांनी म्हणायचं असतं.

पहिल्या फेरीत कोण? नवरा किंवा बायको, मुलं, आणि गेलेल्या माणसाची भावंडं. भावंडांना लोक हमखास विसरतात, ऐंशी वर्षांची बहीण माहेरच्या खबरेची वाट बघत असते आणि तिला नातवाच्या मोबाईलवरून कळतं. हे फोन घरच्याच कुणी करायचे, दुसऱ्याला लावायचे नाहीत. मग व्याही, मामा, भाचे, ते जावयाने किंवा चुलत्याने केले तरी चालतं. मग ग्रुप. घरातल्या पोरांना मोठ्याने सांगायचं, मी सांगेपर्यंत कुणी काही टाकायचं नाही. तुमच्याकडे फार तर अर्धा-पाऊण तास असतो हेही लक्षात घ्या, कारण वाड्याचा एक ग्रुप असतो, पंचायतीचा एक, देवळाचा एक, आणि कुणीतरी अतिउत्साही तिथे फोटोसकट टाकतोच. डिलीट करून काही होत नाही. व्हॉट्सअप दोन दिवसांपर्यंत सगळ्यांकडचं डिलीट करू देतं, पण मागे 'हा मेसेज डिलीट केला' अशी ओळ राहते आणि पहाटे पाच वाजता फॅमिली ग्रुपवर ती ओळ दिसली तर माणसं आणखीनच घाबरतात. चूक दुरुस्त करायची असेल तर पंधरा मिनिटांत एडिट होतं, वेळ-बिळ चुकली असेल तर तेवढं करा.

ग्रुपवरचा मेसेज कोरडा असू दे. माझ्या दुकानात मी असा देतो: आमचे वडील (पूर्ण नाव, वाडा, गाव), वय इतके, आज पहाटे घरी वारले. अंत्यसंस्कार दुपारी ४ वाजता, गावच्या स्मशानभूमीत. चौकशीसाठी (जावयाचं नाव आणि नंबर). बस. टोपणनाव असेल तर ते नक्की घाला, आपल्याकडे एका गावात एकाच नावाचे तीन नाईक असतात आणि जिवंत माणसाच्या घरी लोक हार घेऊन गेलेले मी ऐकलेत. मृतदेहाचा फोटो कधी नाही. कशाने गेले ते लिहायची जबरदस्ती नाही, आमच्या पेपरातला तयार शब्द होता 'अल्पशा आजाराने', तीन वर्षं कॅन्सर काढलेल्यांनाही मी तो लावलाय, कुणी हरकत घेतली नाही. आणि नवरा गेलेल्या बाईच्या नावाआधी 'गं. भा.' लावायचं का हे मी आता विचारतो. दहा वर्षांपूर्वी न विचारता लावायचो. एका मुलीने प्रूफवर ते असं खोडलं की कागद फाटला, तेव्हापासून विचारतो.

शोकाकुलांच्या यादीबद्दल थोडं जास्त लिहितो कारण गोव्यात यावरून फार होतं. लोकांना वाटतं पेपरात नाव नाही म्हणजे घरात हिस्सा नाही. तसं काही नसतं. इथे पोर्तुगीजांच्या वेळचा समान नागरी कायदा, अर्धी मालमत्ता सहसा हयात जोडीदाराचीच असते, आणि मुलांना, मुलगा असो की मुलगी, मृत्युपत्र करूनही सहजासहजी पूर्ण वगळता येत नाही. वारस कोण ते नोटरीपुढच्या दस्तात ठरतं, त्यासाठी २०१२चा वेगळा कायदा आहे, आणि त्या नोटिशी पेपरात वेगळ्या येतात. जाहिरात म्हणजे दस्त नाही. पण हे कायद्याचं झालं, माणसाचं मन कॉलम सेंटिमीटरात मोजतं. त्यात जागा वाचवायला लोक काय करतात, 'मुलगे, सुना, नातवंडे' लिहितात आणि लग्न झालेल्या मुलीला 'व समस्त परिवार'मध्ये ढकलतात. मी पैसे वाढले तरी चालतील पण मुलींची नावं घाला म्हणून भांडायचो. वर्षश्राद्धाची जाहिरात तुम्ही देणारच असाल, तिच्यात नणंदेचं नाव कुठे येतं ते आत्ताच ठरवा.

कागदांचं एक घाईत सांगून टाकतो: मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत, जन्माचीही तेवढ्याच दिवसांत, पुढे लेट फी आणि परवानग्या. दवाखान्यात झालं तर ते कळवतात, घरी झालं तर घरच्यांनी कळवायचं. दाखल्यावरचं स्पेलिंग तिथल्या तिथे वाचून घ्या. आपल्याकडे एकाच आडनावाची जुन्या पोर्तुगीज कागदावर एक तऱ्हा आणि आधारवर दुसरी, पुढे तेच निस्तरत बसावं लागतं.

आता नणंद. मेसेज नको. फोन करा, आणि तुम्ही करा, तुमचे मिस्टर मागून बोलतील. 'गैरसमज झाला' म्हणू नका, गैरसमज झालाच नाही, तिला बरोबरच समजलं की आपल्याला शेवटी कळलं. 'वन्सं, तुम्हाला आम्ही आधी सांगायला हवं होतं, नाही सांगितलं, चुकलं आमचं' एवढं म्हणा आणि थांबा. ती रडेल, बोलेल, मागच्या लग्नातलंही काढेल, काढू दे. मध्येच मुलाची बाजू मांडू नका. ती शांत झाली की तिने विचारलं तर तीन कॉलचं सांगा. मग तिला त्या सकाळचं सगळं सांगा, बारीकसारीक. रात्री काय जेवले, शेवटचं कुणाशी बोलले, सदरा कुठला होता, तुळशीचं पाणी कुणी घातलं. लांब राहणाऱ्यांना 'कळवणं' पुरत नाही, त्यांना ते पाहिल्यासारखं हवं असतं. मला मामाच्या बाबतीत तेच हवं होतं. चार वर्षांनी मामेभावाने एका चवथीला, आरती झाल्यावर, वाजवायचं घुमट बाजूला ठेवून सहज सांगितलं की मामाने त्या दिवशी सकाळी शहाळं मागितलं होतं आणि माडावर चढणारा मिळेना. तेवढ्यावर आमचं नीट झालं. माफी वगैरे कुणी मागितली नाही.

साखरपुड्याचं. बाप गेलेल्या वर्षात घरात शुभकार्य करायचं की वर्ष थांबायचं हे तुमचे भटजी आणि घरातली वडीलधारी ठरवतील, घराण्याघराण्यात वेगळं असतं, त्यात मी पडत नाही. पण ठरलं तर क्रम परत तोच. कुलदेवाला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालता ना, तो पहिला निरोप. मग मामा आणि आत्या. इथे एक गोष्ट गोव्याबाहेरच्यांना माहीत नसते, आपल्याकडे लग्न सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोनदा सही करून होतं, आणि पहिल्या सहीनंतर नोटीस बाहेर लागते, कुणाची हरकत असेल तर घ्यावी म्हणून. म्हणजे तुम्ही पत्रिका छापायच्या आधीच ऑफिसात कामाला आलेला गावातला कुणीही ते वाचतो. एका घरात मुलीच्या काकाला लग्न ठरल्याचं तिथेच कळलं, तो बिचारा जमिनीच्या कामाला गेला होता, आणि लग्नात त्याने अक्षता टाकल्या पण जेवला नाही. तेव्हा नणंदेला पहिल्या सहीच्या आधी, 'ठरतंय, तुम्हाला काय वाटतं' अशा टप्प्यावर सांगा. विचारणं आणि कळवणं यात फार फरक आहे. सासूबाईंसमोर फोन करा, स्पीकर लावून.

पत्रिकेचा फोटो किंवा पीडीएफ व्हॉट्सअपवर गेला तर हल्ली कुणी रागवत नाही, पण त्याच्या आधी फोन झालेला पाहिजे. ब्रॉडकास्ट लिस्ट करणार असाल तर एक लक्षात असू द्या, ज्यांच्याकडे तुमचा नंबर सेव्ह आहे त्यांनाच तो मेसेज जातो, म्हाताऱ्या मावशीच्या फोनमध्ये तुम्ही सेव्हच नसता आणि ती म्हणते बोलावलं नाही. मी तर लिस्ट छापून हातात देतो आणि म्हणतो टिकमार्क करत फोन करा. शिवाय लग्नाचं आमंत्रण म्हणून एपीके फाइल पाठवून लोकांचे बँकेचे पैसे उडवायचे प्रकार चाललेत, त्यामुळे नातेवाईकांना आधीच सांगा की आमची पत्रिका साधा फोटो असेल, काही इन्स्टॉल करायला सांगणार नाही. कुणी फसलंच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन.

धाकट्या जावेचं. हिची बातमी हिची. फुलं माळायचा कार्यक्रम झाला तर त्याचा एकही फोटो तिला विचारल्याशिवाय कुणी टाकायचा नाही, मी हे सगळ्या सासवांना सांगतो आणि सगळ्या सासवा माझ्यावर रागावतात. बाळ झालं की पहिला फोन तिच्या आईला, ती तिथेच असेल तर प्रश्नच नाही, दुसरा नणंदेला. ग्रुपवर 'मुलगा झाला, दोघं बरी आहेत' एवढी ओळ. वजन किती, नॉर्मल का सिझर, दूध येतं का, हे ग्रुपचं काम नाही. हातातल्या पट्टीवर आईचं नाव नि दवाखान्याचा नंबर असतो, तो फोटोत दिसतो, बघा. आणि एक कडू पण सांगायला हवं, काही बरंवाईट झालं तर तेही तिच्या परवानगीने एका ओळीत एकानेच कळवायचं आणि पुढे प्रश्न विचारू नयेत असं त्याच ओळीत लिहायचं, म्हणजे तिला चाळीस जणांना तेच परत सांगावं लागत नाही. मी अशी ओळ एकदाच टाइप करून दिलीय, पैसे घेतले नाहीत.

बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. तुमची नणंद शारजात असली तरी आत्या तीच आहे. पाळण्याशी फोन धरून तिला बाळाच्या कानात नाव घेऊ द्या, कुर्र करू द्या, आत्याच्या पाठीवर पडतात त्या थापट्या तिच्या वतीने दुसरी कुणी खाईल. नाव कुठलं ते तिला एक दिवस आधी सांगा, नाहीतर ऐनवेळी तिच्याकडून दुसरंच ऐकू येईल. दाखल्यात नाव घालायला घाई नाही, एक वर्षापर्यंत फुकट घालता येतं, पुढेही पंधरा वर्षांपर्यंत फी भरून.

राहिल्या सासूबाई. त्या म्हणतात ग्रुपवर काही घालू नका, ते मला त्यांच्या जागी बरोबर वाटतं. नवरा गेलेल्या बाईला सकाळी फोन उघडला की कुणाचा हॉटेलातला केक, कुणाचा गोकर्णचा समुद्र, हे नको होतं. दुःख आणि आनंद एकाच ताटात वाढल्यासारखं होतं ते. एक करा, घरचा एक छोटा ग्रुप वेगळा ठेवा, सासूबाई, तीन मुलगे, तीन सुना, नणंद, बस, आणि मोठा ग्रुप त्यांच्या फोनवर म्यूट करून द्या. छोट्या ग्रुपवर फोटो कमी आणि आवाज जास्त. व्हॉइस मेसेज. आणि त्यात मोठ्या बातम्या नकोत, साध्या द्या. पोदेर आज पाव घेऊन उशिरा आला. बांगडे परवडेनात, तिसऱ्यो आणल्या. मागच्या मानकुरादाला मोहोर धरलाय. विहिरीचा पंप परत बिघडला. तुम्हाला वाटेल हे काय सांगायचं, पण ज्या घरात रोज हे सांगितलं जातं तिथेच मोठी खबर सांगायला जीभ वळते. माझा थोरला भाऊ बोटीवर होता, तारवटी. आम्ही त्याला पत्रात दर वेळी 'इकडे सर्व क्षेम' लिहायचो, एसटीडी बूथवर रात्री अकरानंतर दर पाव व्हायचा म्हणून तेव्हाच फोन घ्यायचो, आणि त्या तीन मिनिटांत पण 'सगळं बरं आहे'. आई पडून तिचा खुबा मोडला ते त्याला सांगायचं कसं हेच कुणाला सुचेना, कारण त्याआधी वर्षभर आम्ही त्याला काहीच सांगितलेलं नव्हतं. शेवटी तो रजेवर आला तेव्हा ती काठी घेऊन दारात उभी, तिथे कळलं त्याला.

आज संध्याकाळी एवढं करा, सासूबाईंच्या फोनवर बोटिम घाला, नणंदेचा नंबर पहिला ठेवा, फोटोसकट, म्हणजे त्यांना नाव वाचावं लागणार नाही. शारजात तेव्हा दीड तास कमी असेल, मुलं शाळेतून आलेली असतील. पहिला कॉल त्यांनाच लावू द्या, तुम्ही शेजारी बसा, आणि काय बोलू म्हणाल्या तर सांगा, मोहोराचं सांगा.